विश्लेषण : शीतयुद्ध ‘शीत’च कसे राहिले? इशारायंत्रणा चुकूनही अणुयुद्ध का टळले?

२६ सप्टेंबर १९८३. मध्यरात्र नुकतीच उलटली होती. मॉस्कोच्या दक्षिणेला ‘सर्पुखोव्ह-१५’ या गुप्त तळावर धोक्याचा भोंगा वाजला. अमेरिकेने सोव्हिएत महासंघाच्या दिशेने क्षेपणास्त्र डागल्याचे संगणक सांगत होता. पाठोपाठ आणखी चार क्षेपणास्त्रे निघाल्याचा इशारा आला. पाळीवर असलेले ४४ वर्षांचे लेफ्टनंट कर्नल स्टानिस्लाव पेट्रोव्ह यांनी वरिष्ठांना कळवले, की हा इशारा खोटा आहे. तसे म्हणण्यासाठी त्या क्षणी त्यांच्या हाती ठोस पुरावा नव्हता. काही मिनिटे गेली, क्षेपणास्त्रे आली नाहीत आणि पेट्रोव्ह यांचा अंदाज बरोबर ठरला.

अमेरिका आणि सोव्हिएत महासंघ यांच्यातील सुमारे ४५ वर्षांचे शीतयुद्ध या दोन देशांत थेट युद्ध न होता संपले, हे आज आपण गृहीत धरतो. दोघांकडेही अण्वस्त्रे होती, म्हणून दोघेही घाबरून राहिले, असे त्याचे सोपे उत्तर दिले जाते. ते अर्धेच खरे आहे. यंत्रे चुकत होती, निरोप वेळेत पोहोचत नव्हते आणि दोन्ही बाजू एकमेकांचे हेतू चुकीचे वाचत होत्या. तरीही अनर्थ टळला. तो कसा टळला, आणि तो टाळणाऱ्या व्यवस्थेतले आज काय शिल्लक आहे, याचा हा आढावा.

वाद नेमका कशाचा होता?

कारखाने, जमिनी आणि बँका कोणाच्या मालकीच्या असाव्यात, हा मूळ प्रश्न होता. अमेरिकेच्या भांडवलशाहीत त्या खासगी मालकीच्या होत्या. कोणती वस्तू किती बनवायची आणि ती काय भावाने विकायची, हे बाजार ठरवत असे. सोव्हिएत साम्यवादात मालकी सरकारची होती. बूट किती जोड बनवायचे इथपासून पोलाद किती टन ओतायचे इथपर्यंतचे आकडे ‘गॉसप्लॅन’ ही नियोजन संस्था ठरवत असे. राजकारणातही असाच फरक होता. एकीकडे अनेक पक्ष आणि निवडणुका, तर दुसरीकडे एकाच पक्षाची सत्ता.

हा फरक घरातल्या घरात राहिला असता तर शीतयुद्ध झाले नसते. पण दोन्ही विचारसरणींचा दावा साऱ्या जगासाठी होता. भांडवलशाही आपल्याच अंतर्विरोधांनी कोसळणार आणि कोसळण्याआधी ती आपल्यावर चाल करून येणार, असे सोव्हिएत नेतृत्व मानत असे. साम्यवाद एका देशात शिरला की शेजारचे देशही पत्त्यांसारखे कोसळतील, असे अमेरिकी नेतृत्वाला वाटे. याला ‘डॉमिनो सिद्धान्त’ म्हटले जाई. म्हणजे समोरचा काय करतो आहे हे पाहण्याआधीच, तो काय करणार याचे उत्तर दोघांकडे तयार होते. पुढच्या अनेक संकटांचे मूळ या सवयीत आहे.

शीतयुद्धाची सुरुवात कधी झाली?

दुसऱ्या महायुद्धात हे दोन्ही देश हिटलरविरोधात एकत्र लढले होते. १९४५ मध्ये शत्रू संपला आणि मैत्रीचे कारणही संपले. पूर्व युरोपातून लाल सेना मागे गेली नाही आणि तिथे एकेक करून साम्यवादी सरकारे आली. मार्च १९४६ मध्ये ब्रिटनचे माजी पंतप्रधान विन्स्टन चर्चिल यांनी अमेरिकेतील फुल्टन येथील भाषणात युरोपावर ‘पोलादी पडदा’ पडल्याचे सांगितले. मार्च १९४७ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी साम्यवादाचा धोका असलेल्या देशांना मदत देण्याचे धोरण जाहीर केले. त्यानंतर आलेल्या मार्शल योजनेतून पश्चिम युरोपातील देशांना सुमारे १३ अब्ज डॉलरची मदत मिळाली.

जून १९४८ मध्ये सोव्हिएत महासंघाने पश्चिम बर्लिनचे रस्ते आणि रेल्वेमार्ग रोखले. अमेरिका आणि ब्रिटनने जवळपास वर्षभर विमानांनी धान्य आणि कोळसा पोहोचवून शहर जगवले. एप्रिल १९४९ मध्ये १२ देशांनी ‘नाटो’ स्थापन केली. त्याच वर्षी २९ ऑगस्टला सोव्हिएत महासंघाने पहिली अणुचाचणी केली आणि अमेरिकेची अण्वस्त्रांमधील मक्तेदारी संपली. १९५५ मध्ये सोव्हिएत गटाचा ‘वॉर्सा करार’ झाला. दोन गट, दोन लष्करी आघाड्या आणि दोन्हीकडे अणुबॉम्ब, असे चित्र दहा वर्षांत तयार झाले.

हे युद्ध खरेच ‘शीत’ होते का?

वॉशिंग्टन आणि मॉस्कोपुरते होते. बाकीच्या जगासाठी नव्हते. कोरियात १९५० ते १९५३ या काळात लाखो लोक मारले गेले. व्हिएतनाममध्ये अमेरिकेचे ५८ हजारांहून अधिक सैनिक मृत्युमुखी पडले, व्हिएतनामी मृतांची संख्या तर त्याच्या कित्येक पटींनी जास्त होती. डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये परतल्या. त्यात सुमारे १५ हजार सोव्हिएत सैनिक आणि लाखो अफगाण लोकांचे प्राण गेले. अंगोलापासून निकाराग्वापर्यंत अनेक देशांतील यादवी युद्धांना दोन्ही बाजूंनी शस्त्रे पुरवली.

त्यामुळे ‘अण्वस्त्रांनी शांतता राखली’ हे विधान जपूनच करावे लागते. अण्वस्त्रांमुळे दोन महासत्तांनी एकमेकांशी थेट युद्ध करणे टाळले. मात्र ते भांडण त्यांनी इतरांच्या अंगणात नेले.

क्युबा संकटात काय घडले?

अणुयुद्ध सर्वात जवळ आले ते ऑक्टोबर १९६२ मध्ये. अमेरिकेच्या किनाऱ्यापासून जेमतेम १५० किलोमीटरवर असलेल्या क्युबामध्ये सोव्हिएत महासंघ क्षेपणास्त्रे बसवत असल्याचे अमेरिकी टेहळणी विमानाने टिपले. अध्यक्ष जॉन केनेडी यांनी क्युबाची सागरी नाकेबंदी केली. १६ ते २८ ऑक्टोबर असे तेरा दिवस जगाने श्वास रोखून धरला होता.

२७ ऑक्टोबरचा दिवस सर्वात धोक्याचा होता. क्युबावर अमेरिकेचे ‘यू-२’ विमान पाडले गेले आणि वैमानिक मारला गेला. त्याच दिवशी अमेरिकी नौदलाने सोव्हिएत पाणबुडी ‘बी-५९’ हिला वर येण्यास भाग पाडण्यासाठी सरावाचे लहान स्फोटक गोळे पाण्यात टाकले. अशा स्फोटांचा अर्थ ‘वर या’ एवढाच आहे, असे अमेरिकेने मॉस्कोला कळवले होते. पण तो निरोप पाणबुड्यांपर्यंत पोहोचला नव्हता. आत असह्य उकाडा होता, मॉस्कोशी संपर्क तुटलेला होता आणि वर युद्ध सुरू झाले आहे की नाही हे कोणालाच माहीत नव्हते. पाणबुडीवर एक अणुपाणतीरही होता.

पाणबुडीवरील एका अधिकाऱ्याने पुढे सांगितलेल्या आठवणीनुसार, संतापलेल्या कॅप्टनने तो पाणतीर सज्ज करण्याचा आदेश दिला होता. त्याच पाणबुडीवर असलेले वरिष्ठ अधिकारी वासिली आर्खिपोव्ह यांनी कॅप्टनला शांत केले आणि पाणबुडी पृष्ठभागावर आणण्यास राजी केले. त्या काही मिनिटांच्या तपशिलांबाबत इतिहासकारांत मतभेद आहेत. पण पाणबुडीवर अण्वस्त्र होते आणि ती वर आली, याबद्दल वाद नाही.

क्युबातली क्षेपणास्त्रे मागे घेण्याचे सोव्हिएत नेते निकिता क्रुश्चेव्ह यांनी मान्य केले. बदल्यात क्युबावर आक्रमण न करण्याचे वचन केनेडी यांनी दिले आणि तुर्कीतील अमेरिकी क्षेपणास्त्रे काढण्याचेही गुपचूप कबूल केले. सामान्य अमेरिकी माणसाला हा दुसरा भाग बरीच वर्षे माहीत नव्हता. त्याहून धक्कादायक माहिती तीस वर्षांनी बाहेर आली. क्युबात रणांगणावर वापरायची छोटी सोव्हिएत अण्वस्त्रेही होती आणि अमेरिकेला त्याचा पत्ताच नव्हता. सल्लागारांचा आग्रह मानून केनेडी यांनी क्युबात सैन्य उतरवले असते, तर त्याला कदाचित अण्वस्त्रांनी उत्तर मिळाले असते.

हॉटलाइन म्हणजे लाल टेलिफोन होता का?

क्युबा संकटात दोन्ही नेत्यांची पत्रे एकमेकांपर्यंत पोहोचायला कित्येक तास लागत होते. वॉशिंग्टनमधील सोव्हिएत राजदूत अनातोली डोब्रिनिन यांनी आठवणींत लिहिले आहे, की दूतावासाचा सांकेतिक संदेश नेण्यासाठी तार कंपनीचा मुलगा सायकलवरून येत असे. जगाचे भवितव्य ठरवणारा मजकूर त्या सायकलवरून तार ऑफिसात जाई. शेवटच्या दिवशी वेळ वाचावा म्हणून क्रुश्चेव्ह यांचे उत्तर थेट मॉस्को रेडिओवरून वाचून दाखवण्यात आले.

हा धडा दोघांनीही घेतला. जून १९६३ मध्ये थेट संपर्कवाहिनीचा करार झाला आणि ३० ऑगस्ट १९६३ रोजी ती सुरू झाली. चित्रपटांत दिसतो तसा तो लाल टेलिफोन नव्हता. ते टेलिप्रिंटर होते. वॉशिंग्टनहून लंडन, कोपनहेगन, स्टॉकहोम, हेलसिंकी असा प्रवास करत केबल मॉस्कोला पोहोचत होती. आवाजाऐवजी मजकूर निवडण्याचे कारण साधे होते. घाईत बोललेला शब्द चुकीचा ऐकला जाऊ शकतो, त्याचे भाषांतर चुकू शकते आणि आवाजातला राग गैरसमज वाढवू शकतो. लिहिलेला मजकूर मात्र दोनदा वाचता येतो.

संदेश सांकेतिक करण्याची पद्धतही रंजक होती. प्रत्येक संदेशासाठी एकदाच वापरायची यादृच्छिक आकड्यांची फीत असे. अशा फिती प्रत्येक देश स्वतः तयार करून आपल्या दूतावासामार्फत दुसऱ्याला देत असे. त्यामुळे आपले गुप्त सांकेतिक तंत्र शत्रूला दाखवण्याची गरज कोणालाच पडली नाही. एकमेकांवर काडीचा विश्वास नसतानाही एकत्र वापरता येईल अशी ही व्यवस्था होती.

१९६७ च्या अरब-इस्रायल युद्धात ही वाहिनी पहिल्यांदा कसोटीला लागली. १९७१ च्या भारत-पाकिस्तान युद्धातही ती वापरली गेली. डिसेंबर १९७१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी तिच्यावरून मॉस्कोला संदेश पाठवला होता.

यंत्रे का आणि कशी चुकली?

आंतरखंडीय क्षेपणास्त्राला एका महासत्तेतून दुसरीत पोहोचायला साधारण ३० मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात हल्ला ओळखायचा, खात्री करायची आणि प्रत्युत्तर द्यायचे की नाही हे ठरवायचे. यासाठी दोन्ही देशांनी उपग्रह, रडार आणि संगणकांचे जाळे उभारले.

कोणतीही इशारायंत्रणा दोन प्रकारे चुकू शकते. धोका नसताना ओरडणे ही एक चूक आणि धोका असताना गप्प राहणे ही दुसरी. पहिली टाळण्यासाठी यंत्रणेची संवेदनशीलता कमी केली, की दुसरीची शक्यता वाढते. सोसायटीच्या पार्किंगमधल्या गाडीचा अलार्म आठवून पाहा. टपावर मांजर उडी मारते तरी तो वाजतो. चोरी क्वचितच होते, मांजरे मात्र रोज येतात. त्यामुळे वाजलेल्या अलार्मपैकी बहुतेक खोटेच असतात. अणुहल्ल्याच्या इशाऱ्यालाही हेच गणित लागू होते. फरक एवढाच, की तिथे ‘मांजर असेल’ म्हणून झोपून राहण्याची सोय नव्हती.

९ नोव्हेंबर १९७९ रोजी अमेरिकेच्या हवाई संरक्षण केंद्रातील पडद्यांवर मोठा सोव्हिएत हल्ला दिसू लागला. प्रशिक्षणासाठी तयार केलेला काल्पनिक हल्ल्याचा मजकूर चुकून प्रत्यक्ष यंत्रणेत शिरला होता. उपग्रह आणि रडारची मूळ माहिती तपासल्यावर आकाशात काहीच नसल्याचे स्पष्ट झाले.

जून १९८० मध्ये पुन्हा इशारा आला. या वेळी कारण आणखी क्षुल्लक होते. संपर्कयंत्रणा चालू आहे की नाही हे तपासण्यासाठी सतत एक संदेश पाठवला जात असे. त्यात ‘आलेली क्षेपणास्त्रे’ या रकान्यात शून्य असे. संगणकातील एक चिप बिघडली आणि शून्याच्या जागी ‘२’ हा आकडा उमटू लागला. त्या चिपची किंमत ४६ सेंट होती. यानंतर तपासणीच्या संदेशात क्षेपणास्त्रांचा रकानाच ठेवायचा नाही, असा बदल करण्यात आला. चूक होणारच हे गृहीत धरून यंत्रणा बांधायची, हा अभियांत्रिकीतला धडा असा मोठ्या जोखमीतून शिकला गेला.

१९८३ हे वर्ष इतके धोकादायक का ठरले?

पेट्रोव्ह यांच्या पडद्यावरचा इशाराही यंत्राची चूक होती. उंचावरील ढगांवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश सोव्हिएत उपग्रहाने क्षेपणास्त्राची ज्वाला समजून टिपला होता. पेट्रोव्ह यांनी तीन गोष्टी ताडल्या. खरा पहिला हल्ला करायचा असता, तर अमेरिकेने पाच नव्हे शेकडो क्षेपणास्त्रे सोडली असती. उपग्रह यंत्रणा नवी होती आणि तिच्यावर त्यांचा पुरता भरवसा नव्हता. जमिनीवरच्या रडारवरही काही दिसत नव्हते. बटण त्यांच्या हातात नव्हते, निर्णय वरच्यांचा होता. पण वर काय कळवायचे हे त्यांच्या हातात होते. पुढे चौकशी झाली तेव्हा त्या रात्रीची नोंदवही पूर्ण न भरल्याबद्दल त्यांना बोलणी खावी लागली. त्यांची गोष्ट जगाला कळली ती सोव्हिएत महासंघ संपल्यावर. २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्या रात्री हा इशारा सहज खरा मानला गेला असता, इतके वातावरण बिघडलेले होते. मार्च १९८३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी सोव्हिएत महासंघाला ‘दुष्ट साम्राज्य’ म्हटले आणि क्षेपणास्त्रे हवेतच पाडणाऱ्या ‘स्टार वॉर्स’ योजनेची घोषणा केली. १ सप्टेंबरला सोव्हिएत लढाऊ विमानाने वाट चुकलेले दक्षिण कोरियाचे प्रवासी विमान पाडले. त्यातील सर्व २६९ जण ठार झाले.

याच काळात ‘केजीबी’ या सोव्हिएत गुप्तचर संस्थेची ‘रायन’ ही मोहीम सुरू होती. पाश्चात्त्य देश अणुहल्ल्याची तयारी करत आहेत का, याच्या खुणा हेरांनी शोधायच्या होत्या. सरकारी कचेऱ्यांत रात्री किती दिवे जळतात हे मोजायचे. रक्तदात्यांना मिळणारा मोबदला वाढला का, हे पाहायचे. युद्धाआधी रक्ताचा साठा लागेल, मागणी वाढली की भाव वाढेल, असा तर्क होता. ब्रिटनमध्ये लोक रक्त फुकट देतात, हे मॉस्कोतील अधिकाऱ्यांच्या ध्यानातच आले नाही. भांडवलशाहीत सगळ्याला किंमत असते, असे पोथीत लिहिलेले होते. केजीबीचे लंडनमधील अधिकारी आणि प्रत्यक्षात ब्रिटनचे हेर असलेले ओलेग गोर्डिएव्हस्की यांच्यामुळे ही माहिती बाहेर आली. वरून आदेश आहे म्हणून, स्वतःचा विश्वास नसतानाही हेर अशा खुणा कळवत राहत. त्या वाचून वरच्यांची भीती वाढे आणि ते आणखी खुणा मागवत.

नोव्हेंबरमध्ये ‘नाटो’ने ‘एबल आर्चर’ नावाचा अण्वस्त्र वापराचा सराव केला. सरावाच्या आडून खरा हल्ला होईल, अशी शंका मॉस्कोत काहींना होती. पूर्व जर्मनी आणि पोलंडमधील काही सोव्हिएत विमाने सज्ज ठेवण्यात आली. युद्ध किती जवळ आले होते, यावर अभ्यासकांत एकमत नाही. पण सोव्हिएत नेत्यांना अमेरिकेची खरोखर भीती वाटते हे समजल्यावर आपल्याला आश्चर्य वाटले, असे रेगन यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. आपण कोणाला घाबरवत असू, ही शक्यताच त्यांच्या मनात आली नव्हती.

मग तोडगा कसा निघाला?

१९८५ मध्ये मिखाईल गोर्बाचेव्ह सोव्हिएत नेते झाले. डिसेंबर १९८७ मध्ये त्यांनी आणि रेगन यांनी मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांबाबतच्या ‘आयएनएफ’ करारावर स्वाक्षऱ्या केल्या. जमिनीवरून सोडली जाणारी, ५०० ते ५,५०० किलोमीटर पल्ल्याची सर्व क्षेपणास्त्रे नष्ट करायची, असे ठरले. १९९१ पर्यंत एकूण २,६९२ क्षेपणास्त्रे नष्ट झाली. युरोपातून मॉस्कोच्या दिशेने निघालेले मध्यम पल्ल्याचे क्षेपणास्त्र काही मिनिटांतच पोहोचते. अशी क्षेपणास्त्रे गेल्याने विचार करायला वेळ मिळाला आणि हाच या कराराचा मोठा फायदा होता.

या कराराने तपासणीची पद्धतही बदलली. सोव्हिएत निरीक्षक अमेरिकेतील युटा राज्यात एका कारखान्याच्या फाटकाबाहेर बसले आणि अमेरिकी निरीक्षक रशियातील वोत्किन्स्क येथे. आत काय जाते, बाहेर काय येते, हे ते वर्षानुवर्षे मोजत राहिले. ‘विश्वास ठेवा, पण तपासून घ्या’ ही रशियन म्हण रेगन वारंवार उद्धृत करत. १९८६ च्या सुमारास जगात जवळपास ७० हजार अण्वस्त्रे होती. आज ती सुमारे १२ हजारांवर आली आहेत.

शीतयुद्ध संपले कसे?

मूळ कारण आर्थिक होते. नियोजनाने पोलाद आणि रॉकेट बनवता आले, पण दुकानांत पुरेसा माल आणता आला नाही. लष्करावरचा खर्च झेपेनासा झाला. १९८६ मध्ये तेलाचे भाव कोसळल्याने परकीय चलनाची मोठी कमाई आटली. गोर्बाचेव्ह यांनी खुलेपणा आणि पुनर्रचनेचे धोरण आणले, आणि पूर्व युरोपातील आंदोलने रणगाड्यांनी चिरडायची नाहीत असे ठरवले.

शेवटच्या टप्प्यातही एका माणसाचा निर्णय महत्त्वाचा ठरला. ९ नोव्हेंबर १९८९ च्या संध्याकाळी पूर्व जर्मनीच्या प्रवक्त्याने पत्रकार परिषदेत प्रवासाचे नवे नियम तात्काळ लागू असल्याचे चुकून सांगून टाकले. बर्लिनच्या भिंतीजवळ हजारो लोक जमले. वरून स्पष्ट आदेश येत नव्हते. बॉर्नहोल्मर रस्त्यावरील नाक्याचे अधिकारी हाराल्ड येगर यांच्याकडे शस्त्रे होती. पण त्यांनी फाटक उघडले. २५ डिसेंबर १९९१ रोजी गोर्बाचेव्ह यांनी राजीनामा दिला आणि सोव्हिएत महासंघ इतिहासजमा झाला.

भारत आणि महाराष्ट्राशी याचा काय संबंध?

भारताने कोणत्याच गटात न जाण्याचे धोरण घेतले. १९६१ मध्ये बेलग्रेड येथे अलिप्ततावादी देशांची पहिली परिषद झाली, तिच्या प्रमुख नेत्यांत पंडित नेहरू होते. या धोरणाचा फायदा असा, की दोन्ही महासत्ता भारताला आपल्याकडे ओढण्यासाठी मदत देऊ करत. पवईची आयआयटी १९५८ मध्ये सुरू झाली ती युनेस्कोमार्फत मिळालेल्या सोव्हिएत मदतीने. यंत्रसामग्री आणि तज्ज्ञ तिकडून आले. कानपूरच्या आयआयटीला मात्र अमेरिकेतील नऊ विद्यापीठांनी हात दिला. जेईईची तयारी करणाऱ्यांच्या टेबलावर आजही दिसणारे इरोडोव्ह यांचे भौतिकशास्त्रावरील गणितांचे पुस्तक मॉस्कोच्या मीर प्रकाशनाचे. आणि १९७२ च्या दुष्काळात रेशनवर मिळालेली लाल ज्वारी, म्हणजे ‘मिलो’, अमेरिकेची. घराघरांतल्या आजी-आजोबांना तिची चव अजून आठवते.

तारापूरची गोष्ट आणखी बोलकी आहे. तिथला अणुऊर्जा प्रकल्प अमेरिकी कंपनीने उभारला आणि १९६९ मध्ये तो सुरू झाला. १९७४ मध्ये पोखरणची अणुचाचणी झाल्यावर अमेरिकेने इंधनाबाबत हात आखडता घेतला आणि पुढे पुरवठा थांबवला. नंतर फ्रान्स, चीन आणि रशिया यांच्याकडून इंधन आले. अमेरिकी अणुभट्टीत रशियन इंधन जळाले.

अलिप्ततेलाही मर्यादा होत्या. ऑगस्ट १९७१ मध्ये भारताने सोव्हिएत महासंघाशी मैत्री करार केला. डिसेंबरमध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी अमेरिकेने ‘एंटरप्राइझ’ ही विमानवाहू युद्धनौका बंगालच्या उपसागराकडे पाठवली, तेव्हा या कराराचे महत्त्व दिल्लीला जाणवले.

आज त्या व्यवस्थेतले काय उरले आहे?

फारसे काही नाही. क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणांवर मर्यादा घालणाऱ्या १९७२ च्या करारातून अमेरिका २००२ मध्ये बाहेर पडली. रशियाने उल्लंघन केल्याचा आरोप करत २०१९ मध्ये तिने ‘आयएनएफ’ करारही सोडला. उरला होता २०१० चा ‘न्यू स्टार्ट’. प्रत्येकी १,५५० तैनात अण्वस्त्रांची मर्यादा आणि वर्षाला १८ प्रत्यक्ष तपासण्या ही त्याची वैशिष्ट्ये. मार्च २०२० मध्ये करोनामुळे तपासण्या थांबल्या, त्या पुन्हा सुरू झाल्याच नाहीत. युक्रेन युद्धाच्या पार्श्वभूमीवर फेब्रुवारी २०२३ मध्ये रशियाने आपला सहभाग स्थगित केला. कराराची मुदत ५ फेब्रुवारी २०२६ पर्यंतच होती आणि मुदतवाढीची एकमेव तरतूद २०२१ मध्येच वापरून झाली होती. शिवाय चीन आपला अण्वस्त्रसाठा वेगाने वाढवत आहे आणि तो या करारांत कधीच नव्हता.

दुसरीकडे क्षेपणास्त्रे अधिक वेगवान होत आहेत आणि माहितीची छाननी यंत्रांवर सोपवण्याचा कल वाढतो आहे. माणसाच्या हाती उरणारा वेळ त्यामुळे कमी होतो. अण्वस्त्र वापराचा निर्णय माणसाच्याच हाती राहावा, असे अमेरिका आणि चीनच्या अध्यक्षांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये मान्य केले, ही त्यातल्या त्यात दिलासा देणारी बाब.

शीतयुद्धात दोन्ही बाजूंना एकमेकांची विचारसरणी कधीच पटली नाही. तरीही निरोप पोहोचवण्याची तार, मोजण्याची पद्धत आणि फाटकाबाहेर बसणारा निरीक्षक यांवर त्यांचे एकमत झाले. पेट्रोव्ह आणि आर्खिपोव्ह यांच्यासारखी माणसे त्या त्या वेळी योग्य जागी होती, हा योगायोग होता. ते करार मात्र योगायोगाने झाले नव्हते. क्युबाचे तेरा दिवस अनुभवल्यावर ती व्यवस्था उभी करायला पंचवीस वर्षे लागली. मोडायला त्याहूनही कमी पुरली.